पाटीच्या दगडाचा ओटा

आमच्या नगरच्या घरात एक वेताची खुर्ची होती आणि तिची जागा स्वयंपाकघराच्या दारात होती. पूर्ण आत नाही, पूर्ण बाहेर नाही. अगदी उंबऱ्याला टेकून. तिच्यावर आई बसायची, एक पाय खाली आणि एक पाय समोर सरळ ताणलेला. आत जाणाऱ्याला तो पाय ओलांडावा लागू नये म्हणून ती तो दोन्ही हातांनी उचलून बाजूला घ्यायची, माणूस आत गेलं की पुन्हा होता तिथे ठेवायची. मी शिकून घरी परतले त्याच्या आदल्या वर्षी रविवारच्या उपासनेहून परतताना ती टांग्यातून उतरत होती, तेवढ्यात घोडा हलला आणि ती पडली. हाड जुळून आलं, पण गुडघा दुमडायचा कायमचा थांबला. त्या काळी आमच्यासारख्यांच्या घरी चूल जमिनीवर, पाटा जमिनीवर, विळी जमिनीवर. ज्याला खाली बसता येत नाही त्याला स्वयंपाक करता येत नाही, इतकं ते सरळ होतं. एरवी आई हिंडायची, फिरायची, झाडांना पाणी घालायची, काठी टेकत चर्चला जायची. फक्त तिच्या स्वयंपाकघरात तिला काही करता येत नव्हतं.

मी पुण्याच्या इंग्रजी शाळेतलं शिक्षण संपवून घरी परतले तेव्हा चुलीपुढे सगुणाआत्या बसलेली होती. ही पपांची थोरली बहीण. कोल्हारच्या पलीकडे प्रवरेच्या काठी एका खेड्यात मिशनची लहान शाळा होती, तिथे ती आणि तिचे यजमान दोघंही शिकवायचे. यजमान गेले, शाळेवर दुसरे मास्तर आले, आणि राहतं घर शाळेचं असल्यामुळे तेही गेलं. त्याच सुमारास आई पडली. आत्या एक पेटी आणि एक पाट घेऊन आमच्याकडे आली, आईचं सगळं केलं, आणि राहिली. तो पाट बाभळीचा, बुटका, खालची एक पट्टी सैल झालेला. आत्या चुलीकडे वळली की तो 'टक्' वाजायचा, पिठाच्या डब्याकडे वळली की परत 'टक्'. त्या आवाजावरून मी ओसरीत बसून सांगू शकत असे की आता भाकरी तव्यावर पडली, आता दुसरी थापायला घेतली. कॅम्पातलं सकाळचं बिगूल, मग चर्चची घंटा, मग आत्याचा पाट, अशी आमची सकाळ व्हायची.

खायला आमच्याकडे काही वेगळं नसायचं. बाजरीची भाकरी, पिठलं, कधी हुलग्याचे शेंगोळे, रविवारी मटण. पण आत्याच्या हाताला चव होती. ती शेंगोळे वळायला बसली की आई खुर्चीतून बघत राहायची आणि तिची बोटं मांडीवर आपोआप हलायची, जणू तिच्याही तळव्यांत पिठाची वळी होती. हे माझ्याशिवाय कुणी पाहिलं असेल असं मला वाटत नाही. मी फार बोलत नसे. शाळेत इतकी वर्षं इंग्रजीत काढल्यामुळे घरात तोंड उघडताना आधी वाक्य मनात जुळवून घ्यावं लागे, आणि ते जुळेपर्यंत बोलणं पुढे गेलेलं असे. त्यामुळे बघणं हेच माझं काम झालं होतं. आत्या मला 'मड्डम' म्हणायची. "मड्डम, तेवढी मिठाची बरनी द्या. का त्येलाबी इंग्रजीत मागू?"

अशाच एका सकाळी आई सहज म्हणाली, "वन्सं, फोडणी जरा जळाली का?" आत्यानं तवा खाली आदळला नाही, पण ठेवला तोही हळू नाही. "जळाली आसंल. म्या काय खुर्चीत बसून करत न्हाई." पपा वर्तमानपत्राआड गेले. आणि माझ्या तोंडून, न जुळवता, निघून गेलं, "आमच्या हॉस्टेलमध्ये बटलर उभ्यानं स्वयंपाक करायचा. ओट्यावर."

पपांनी वर्तमानपत्र खाली घेतलं. ते मुलांच्या हायस्कुलात चित्रकला आणि भूमिती शिकवायचे. कुठल्याही वस्तूचं माप निघालं की त्यांचा चेहरा उजळायचा. "केवढा उंच?" त्यांनी विचारलं. मी हात कमरेच्या वर धरून दाखवला. आईनं आपल्या पायाकडे पाहिलं, मग चुलीवरच्या खिडकीकडे पाहिलं, आणि तिचा हात कमरेशी तेवढ्याच उंचीवर येऊन थांबला.

"उभ्यानं?" आत्या म्हणाली. "उभ्यानं घोडी खात्यात आन् भुतं रांधत्यात. बस म्हनावं गप."

त्या दिवसापासून आमच्या घरात ओट्याचा विषय निघाला. आज माझी नातसून तिच्या नव्या घरासाठी दगड बघायला मला बरोबर घेऊन जाते, तेव्हा दुकानदार चमकत्या लाद्यांच्या रांगा दाखवतो आणि आम्ही रंग निवडतो. आम्हाला तेव्हा रंगाचा प्रश्नच नव्हता. प्रश्न होता की रोज हळद, तेल, चिंच, गरम भांडी आणि पाणी सोसेल असं काय मिळेल. दुसरी मोठी लढाई नुकती संपलेली, सिमेंट हातात येत नव्हतं. लाकडाला वाळवी. पपांनी मला हे काम नेमून दिलं, बहुधा मी दिवसभर गप्प बसते याची त्यांना काळजी वाटत असावी. "तू शास्त्र शिकलीस ना? मग शोध लाव," ते म्हणाले.

शाळेच्या व्हरांड्याची दुरुस्ती चालली होती तिथून शहाबादीचा एक तुकडा मिळाला. एका ओळखीच्या घरून काळ्या कडप्प्याचा. पाटे-जाती घडवणाऱ्या पाथरवटाकडून आपल्या इथल्या काळ्या पाषाणाचा. चौथा तुकडा मिळाला तय्यबभाईंच्या आवारात. तय्यबभाई जुन्या सामानाचे व्यापारी. गोरे साहेब बाडबिस्तरा आवरून निघाले होते आणि त्यांच्या बंगल्यांतली कपाटं, पियानो, बाथटब सगळं तय्यबभाईंच्या आवारात येऊन पडत होतं. आम्ही गेलो तेव्हा ते एका बाथटबच्या काठावर बसून चहा पीत होते. त्यांच्या मागे भिंतीला टेकून मोठमोठ्या गडद राखाडी शिळा उभ्या होत्या, माणसाहून लांब, हिरवट छटा असलेल्या.

"हे काय आहे?" पपांनी विचारलं.

"मास्तरसाब, ये मत पूछो," तय्यबभाई म्हणाले. "क्लबातलं बिलियर्डचं टेबल घेतलं. मला वाटलं लाकूड आहे. लाकूड विकलं, वरचं हिरवं कापड टेलर घेऊन गेला. कापडाखालून हे निघालं. चार हमाल लागले उचलायला. आता कोण घेणार? धोब्याला म्हटलं घे, तो म्हणतो कपडे सरकतात." ते हसले. "लंडनचा पत्थर आहे, पण नशीब नगरचं."

मी हात लावला. दगड थंड होता आणि इतका सपाट की बोट कुठेच अडकेना. हा स्पर्श माझ्या ओळखीचा होता, पण कुठला ते आठवेना. पपांनी खिशातून खिळा काढून कडेला ओढला. पांढरी रेघ उमटली. त्यांनी ओलं बोट फिरवलं, रेघ गेली. ते माझ्याकडे बघून म्हणाले, "अगं, ही तर पाटी आहे." शिळेच्या कोपऱ्याचा एक टवका निघालेला खाली पडला होता, तो तय्यबभाईंनी आम्हाला देऊन टाकला.

मग मी ओसरीच्या पायरीवर चार तुकडे ओळीनं मांडले. आई खुर्ची तिकडे घेऊन आली. प्रत्येकावर मी लिंबू पिळलं, आणि आम्ही दोघी वाकून बघत बसलो. शहाबादीवर बारीक बारीक बुडबुडे आले, मोहरीहून लहान. पुसल्यावर तिथे फिकट डाग राहिला, दगडाचा गुळगुळीतपणा तेवढ्या जागी गेलेला. कडप्प्याचंही तेच, जरा उशिरा. शाळेत शिकलेली गोष्ट घरच्या पायरीवर खरी झालेली बघून मला इतका आनंद झाला की मी आईला चुनखडी, आम्ल, वायू असं सगळं एका दमात सांगितलं. आईनं ते ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे लोणच्याचा दिवस आला की ओटा खाल्ला जाणार." काळ्या पाषाणाला लिंबानं काही झालं नाही, पण त्याच्या बारीक भोकांत हळद जाऊन बसली ती घासूनही निघेना. आणि पाटीचा दगड होता तसाच. लिंबू नाही, चिंच नाही, हळद नाही. करडईचं तेल चोळलं तेव्हा तो काळाभोर झाला, जसा काही ओला राहिलेला. आईनं विळीचं टोक त्याच्यावर ओढून बघितलं, रेघ पडली. तेलाचं बोट फिरवलं, रेघ दिसेनाशी झाली. ती पुन्हा पुन्हा तसं करत होती.

"मऊ आहे," मी म्हटलं. "ओरखडे पडतील."

"पडू दे की," आई म्हणाली. "पुसले जातात."

हे सगळं आत्या दारातून बघत होती. तिला दगडात रस नव्हता असं नाही, कारण प्रत्येक वेळी तिच्या हातात काहीतरी काम असे आणि ते काम पायरीच्या आसपासच निघे. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ती म्हणाली, "लिंबू पिळून काय समाजतंय? चुलीत घाल. चुलीपुढं टिकंल त्यो खरा." मला ते पटलं. पाटीचा तुकडा धुऊन बादलीत ठेवलेला होता, तो मी तसाच उचलला आणि निखाऱ्यांत सरकवला. आत्या पाटावर, मी शेजारी उकिडवी. थोडा वेळ काही नाही. मग 'फट्' असा बंदुकीसारखा आवाज झाला, राख उडाली, आणि तुकड्याचे पापडासारखे पदर होऊन ते चुलीबाहेर येऊन पडले. एक आत्याच्या लुगड्यावर. आत्यानं तो झटकला आणि आधी घाबरली, मग अशी हसली, अशी हसली की तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. "आगं मड्डम! तुझा लंडनचा पत्थर पापड झाला की गं! " मग दाराकडे वळून आईला, "करुणे, बघ, तुझ्या ओट्याची चटनी झाली."

आई हसली नाही. तिनं खुर्ची उचलली आणि दारातून ओसरीत नेली. ते बघून आत्याचं हसू थांबलं.

मी त्या दिवशी जेवले नाही. फुटला कसा, हे मला समजत नव्हतं, आणि न समजलेलं पोटात ठेवून मला घास गिळता येत नाही, अजूनही. दुपारी तो पदर मी हातात घेऊन बघत बसले तेव्हा लक्षात आलं की तो आतून अजून दमट आहे. तुकडा रात्रभर पाण्यात होता. पदरांच्या मध्ये शिरलेलं पाणी आत उकळलं आणि वाट मिळेना म्हणून फोडून बाहेर आलं. मी तय्यबभाईंकडे धावत गेले. ही गोष्ट आमच्या घरात पुढे बरीच सांगितली गेली, कारण मी तोवर कुणाकडेही एकटी गेले नव्हते. दुसरा टवका आणला, चांगला दोन दिवस उन्हात ठेवला, आणि आईसमोर, आत्यासमोर निखाऱ्यावर ठेवला. काही झालं नाही. वर तापलेला तवा ठेवला. काही झालं नाही. तरी पपा म्हणाले, विस्तवाची परीक्षा रोज कशाला घ्यायची? शेगडीला बाजूला विटांचा वेगळा कट्टा करू, आणि शिळा कापायला, थापायला, गरम भांडं उतरवायला. आईनं मान हलवली. ठरलं असं मला वाटलं.

तेव्हा आत्या उठली. पाट वाजला. "दौलत," ती पपांना म्हणाली, "त्यो दगड घरात आनायचा न्हाई."

"का गं आक्का? आता तर टिकला की."

"जुगाराचा हाय."

"जुगार नव्हे, खेळ तो."

"दारू पिऊन खेळत्यात ना? मग?" पण ते खरं कारण नव्हतं, हे तिच्या आवाजावरून कळत होतं. "आन् जुगाराचा नसला तरी पाटीचा हाय. पाटीवर कांदा चिरायचा व्हय? मासळी कापायची? बाबांच्या घरात?"

बाबा म्हणजे माझे आजोबा. त्यांची गोष्ट मला तुकड्यातुकड्यांनी माहीत होती, त्या दिवशी ती आत्याकडून सबंध ऐकली. लहानपणी गावच्या शाळेत त्यांना बसू देत नसत. मिशनच्या एका पंतोजींनी त्यांना एक पाटी दिली. ती हातात घेऊन ते गावातून चालले तर कुणीतरी ती हिसकावून नदीच्या खडकावर आपटली. आजोबांनी त्यातला सगळ्यांत मोठा तुकडा वेचून घेतला, तळहाताएवढा, आणि अख्खी बाराखडी त्या तुकड्यावर गिरवली. एका वेळी एकच अक्षर मावायचं. पुढे ते स्वतः मास्तर झाले. ते गेले तेव्हा तो तुकडा त्यांच्या शवपेटीत, त्यांच्या हातात ठेवून पुरला. "आमच्या घरात पाटी कुनी वलांडली न्हाई," आत्या म्हणाली. "थुंकी लावून पुसली न्हाई. पाय लागला तर उचलून कपाळाला लावायची. ख्रिस्ती झालो, सगळं सोडलं, येवढं न्हाई सोडलं. आन् आता तिच्यावर खरकटं?"

तय्यबभाईंच्या आवारात तो स्पर्श ओळखीचा का वाटला हे मला तेव्हा समजलं. आत्यानंच मला पाटीवर पहिली अक्षरं शिकवली होती, मी अगदी लहान असताना, सुटीत तिच्याकडे गेले की.

पण मी बघत होते, आणि मला आणखी एक गोष्ट दिसली. बोलताना आत्याचा हात तिच्या पाटाच्या कडेवर होता, घट्ट. आई उभी राहून स्वयंपाक करू लागली तर चुलीपुढच्या या पाटाचं काय? त्या घरात आत्याची जागा म्हणजे तेवढीच, बाभळीच्या फळीएवढी. हे तिनं तोंडानं कधीच म्हटलं नसतं. माझ्या मते आईनंही ते त्याच वेळी पाहिलं. ती आत्याच्या तोंडाकडे बघत नव्हती, हाताकडे बघत होती.

दोन-तीन दिवस ओट्याचा विषय कुणी काढला नाही. पाट वाजत होता, फोडण्या न जळता होत होत्या. मग एका सकाळी आत्या तांदूळ निवडत असताना आई काठी टेकत तिच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"वन्सं, तुमचा कोपरा कोणता ते सांगा. गवंडी यायच्या आधी यांना खूण करून ठेवता येईल."

"माझा कसला कोपरा?"

"पाटीचा. त्या कोपऱ्यावर काही ठेवायचं नाही, कांदा नाही, भांडं नाही. तुमची द्रौपदी शिकायला येते ना, तिला लिहायला. एवढी मोठी पाटी तिच्या गावात कुणी पाहिली नसेल."

द्रौपदी आमच्या आवारातल्याच एका घरची सून. आत्या तिला दुपारी अक्षरं शिकवायची आणि ती 'ळ' काढताना हमखास अडकायची. आत्या सुपातले तांदूळ बोटांनी पसरत राहिली. बराच वेळ. मग म्हणाली, "भिंतीकडचा. तिकडं पानी उडायचं न्हाई." आणि जरा थांबून, "आन् रोज पुसायचं वल्या फडक्यानं. त्येलकट न्हाई चालायचा त्यो कोपरा."

"नाही चालायचं," आई म्हणाली.

शिळा बैलगाडीतून आली. तय्यबभाई स्वतः बरोबर आले, कारण त्यांना बघायचं होतं की हा पत्थर खरंच कुठे जातो. ती टेबलाची मधली शिळा होती. दोन्ही टोकांना मधोमध एकेक अर्धगोल कापलेला, चेंडू पडायला. कुणी म्हणालं बुजवून टाका, पपा म्हणाले राहू द्या, आणि ते बरं झालं. भिंतीकडचा अर्धगोल बुजला, मोकळ्या टोकाचा राहिला. त्याच्याखाली बादली ठेवली की कांद्याच्या साली आणि देठ हातानं लोटून सरळ आत. माझ्या आयुष्यात मी अनेक स्वयंपाकघरं पाहिली, इतकी सोय परत कुठे दिसली नाही. शिळा आठवडाभर आवारात विटांवर उन्हात वाळत पडली. आवारातल्या बायका येऊन हात फिरवून जायच्या. कुणी विचारायचं, "मास्तरीनबाई, हे थडगं कुनाचं वो?" आत्या कमरेवर हात ठेवून सांगायची, "थडगं न्हवं, ओटा हाय आमचा." 'आमचा' हा शब्द मी ऐकला आणि आईकडे पाहिलं. ती गुलाबाला पाणी घालत होती.

रंगनाथ गवंड्यानं चुन्यात दोन भिंती उभ्या केल्या. उंची घ्यायची वेळ आली तेव्हा त्यानं विचारलं, "कोनाच्या मापानं?" पपांनी आईला उभं केलं, तिचं कोपर दुमडलं आणि भिंतीवर कोळशानं खूण केली. आई उंच होती. आत्या तिच्या खांद्याला लागायची. खुणेकडे बघून आत्या नुसतं म्हणाली, "बरोबर हाय," आणि बाहेर गेली. तिच्या मापानं ती खूण जवळजवळ छातीशी येत होती.

ओट्यावर पहिला स्वयंपाक व्हायचा त्याच्या आदल्या संध्याकाळी मी गिरणीतून बाजरी दळून आणली. पिठाची पिशवी गरम होती, थंडीचे दिवस होते, मी ती पोटाशी धरून चालत आले हे मला चांगलं आठवतं. बाजरीचं पीठ ताजंच लागतं. जुनं झालं की त्याची विरी जाते, म्हणजे चिकटपणा जातो, आणि भाकरी थापताना फाटते. हे लहान मुलीलाही ठाऊक असायचं.

सकाळी आईनं पदर खोचला. ती उंबरा ओलांडून आत गेली, काठी भिंतीला टेकवली, आणि एका हातानं शिळेची कड धरून उभी राहिली. खिडकीतून ऊन थेट दगडावर येत होतं आणि तेल पिऊन तो काळा झाला होता. फक्त भिंतीकडचा एक कोपरा राखाडी, कोरडा. आईनं शेगडीवर तवा ठेवला, परात पुढे ओढली, पाणी घालून पीठ मळलं. दारातली खुर्ची रिकामी होती. आत्या ओसरीत भिंतीला टेकून बसली होती, हातात काही काम नव्हतं. तिला तसं बसलेलं मी पहिल्यांदाच बघत होते. तिचा पाट स्वयंपाकघरात कोपऱ्यात उभा करून ठेवलेला होता. तो तिनंच आदल्या दिवशी तसा ठेवला होता.

आईनं गोळा घेतला आणि थापायला सुरुवात केली. भाकरी वाढत वाढत गेली, गोल, आणि कडेला चिरली. आईनं ती मोडली, पुन्हा मळली, पुन्हा थापली. पुन्हा चिरली, या वेळी मधूनच. नऊ वर्षांची असल्यापासून भाकरी करणारी माझी आई. मला वाटलं, उभ्यानं थापण्याचा जोर वेगळा पडत असेल, वर्षभरात हात विसरला असेल. तिसऱ्यांदाही तेच झालं. तवा तापून धूर यायला लागला.

"वन्सं," आईनं हाक मारली. "मला जमत नाही हे. या बरं जरा."

ओसरीत काही हालचाल झाली नाही.

"तवा जळतोय, वन्सं."

तेव्हा आत्या आली. दारात थांबून तिनं परातीतल्या फाटक्या भाकरीकडे पाहिलं, मग आईच्या हातांकडे, मग पुन्हा भाकरीकडे. कोपऱ्यात जाऊन तिनं आपला पाट उचलला, ओट्यापुढे आणून जमिनीवर आडवा ठेवला, पायानं हलवून बघितला, आणि ओट्याची कड धरून त्याच्यावर चढली. पाट वाजला. आता तिचं कोपर आईच्या कोपराला लागत होतं.

"सरक," ती म्हणाली. "आन् मड्डमला सांग, शेगडीला वारा घालायला."

त्या ओट्यावर त्या दोघींनी पुढे बरीच वर्षं स्वयंपाक केला. एक जमिनीवर उभी, एक पाटावर उभी, आणि दोघींचं भांडण फोडणीवरून. भिंतीकडच्या कोपऱ्यावर द्रौपदीचा 'ळ' कितीतरी दिवस होता, आणि तो सुधारल्यावर दुसऱ्या कुणाचा तरी होता. वेताची खुर्ची अंगणात गेली.

आत्या गेल्यानंतर एकदा, पुष्कळ वर्षांनी, मी आईला विचारलं की त्या दिवशी भाकऱ्या फाटल्या कशा. ती निवांतपणे शिळेवर तेलाचं फडकं फिरवत होती. तिनं वर पाहिलं नाही.

"पीठ जुनं होतं," आई म्हणाली. "विरी गेली होती त्याची."

ते पीठ मी आदल्या संध्याकाळी आणलं होतं. त्याची ऊब मला अजून आठवते.